‘मुद्दाम करतो’ म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

धाकटीला बालवाडीत सोडायला गेले होते. इथलीच, गोव्यातल्या फोंड्यातली, नाव नको. फाटकाशी एक आई आपल्या मुलाला बखोटीला धरून उभी. मुलगा तीन वर्षांचाही नसेल. चड्डी खराब झालेली, मांडीवर ओघळ. आणि टीचर चार पालकांसमोर तिला सांगतायत, "घरी जरा शिकवा हो. रोजचंच झालंय. मुद्दाम करतो हा." त्या आईने तिथल्या तिथे पोराच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडलंसुद्धा नाही. पायांची कात्री करून, अंग ताठ करून, चवड्यांवर उभं राहिलं नुसतं.

ते चवडे बघितले आणि माझ्या पोटात कालवलं. कारण मी ते ओळखते. माझा मोठा असाच उभा राहायचा.

माझ्या यादीतल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल ती चवथ. डिचोलीकडचं आमचं मूळ घर, पाच दिवसांचा गणपती, घरात बावीस माणसं आणि मागच्या दारी दोन संडास. मोठा तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांचा. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची मांडणी, बांधायच्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हाच त्याला शी होऊन तीन दिवस झाले होते. आणि मग हा राजांगणातल्या, म्हणजे घराच्या आतल्या चौकातल्या, कोपऱ्यातल्या खांबाला मिठी मारून उभा राहायचा. तोंड लाल, कपाळाला घाम, पाय आवळलेले, चवड्यांवर. कोणी जवळ गेलं की ओरडायचा, "जा! जा!" दोन मिनिटांनी सैल पडायचा आणि परत खेळायला पळायचा.

सगळं घर म्हणत होतं, कुंथतोय बिचारा. मीही तेच म्हणत होते. चुलत दीर तर प्रत्येक वेळी हाक मारायचे, "पळय, परतून लिपलो!" बघ, परत लपला! आणि माजघरात हशा.

मग सुरू झालं ज्याचं त्याचं औषध. बेंबीत हिंग. काळ्या मनुकांचं पाणी. एरंडेल. एक काकी म्हणाल्या विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लाव. पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या सकाळी, एका वडीलधाऱ्या बाईंनी आंघोळीच्या साबणाची कांडी कापून आणली. आणि मी, त्याची आई, मी त्याचे दोन्ही पाय धरले.

हे मी आजवर इथे लिहिलं नव्हतं. त्याची ती किंकाळी राजांगणभर घुमली. शी झाली, दगडासारखी, वर रक्ताची रेघ. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कोणीतरी म्हणालं, "बघ, झालं की नाही?" आणि तो माझ्याकडे बघत होता. रडून झाल्यावर जसं मूल बघतं तसं नाही. मी त्याला परकी असल्यासारखं बघत होता.

त्यानंतर त्याने अकरा दिवस शी केली नाही.

आता कोणी मला ‘मुद्दाम’ शब्द ऐकवला की माझं काय होतं ते कळलं ना?

फोंड्याला परत आल्यावर पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, पालेभाज्या द्या, पाणी द्या, वाढत्या वयात असं होतं. अहो, तांबडी भाजी तो एरवीही खात होता. सकाळी पदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई खात होता, कोंड्याचा पाव. शेवटी वहिनीने पणजीच्या एका डॉक्टरबाईंकडे ओढून नेलं. त्यांनी पोट तपासलं, आणि मग एकच प्रश्न विचारला. "तो कुंथतो म्हणता, तेव्हा बसलेला असतो की उभा?"

मी म्हटलं, उभा. पाय आवळून.

"पाय आवळून, चवड्यांवर उभं राहून कोणी कुंथतं का हो? तो शी बाहेर काढत नाहीये. तो ती आत धरून ठेवतोय. घाबरलाय तो."

मला तिथेच रडू फुटलं. पाच दिवस बावीस माणसं, त्यातल्या निम्म्या बायका चार-चार पोरं वाढवलेल्या, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही की खांबाला धरून ते लेकरू एकटंच लढतंय.

डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते मी आज त्या फाटकावर ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, म्हणून इथे सांगते. मुलाला कधीतरी एकदा खडा होतो, म्हणजे शी कडक होते. तापात होतो, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की होतो, प्रवासात होतो. आमच्याकडे मे महिन्यात तापानंतर झाला होता. तो खडा बाहेर येताना दुखतं, कधी बारीकशी चीर पडते. मूल एवढंच शिकतं: शी म्हणजे दुखणं. मग ते धरून ठेवतं. धरलं की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. शी आणखी कडक, आणखी मोठी. पुढच्या वेळी आणखी दुखतं. म्हणजे भीती खरीच ठरते! दोन-अडीच वर्षांच्या जिवाने याहून वेगळं काय करायचं?

आणि चड्डी खराब होणं. ते तर ऐकाच. आत मोठा गोळा अडकून बसलेला असतो. मागून येणारी पातळ शी त्याच्या कडेकडेने झिरपते. गुदाशय ताणून ताणून इतका सैल आणि बधिर होतो की मुलाला कळतही नाही. लोकांना वाटतं जुलाब झाले, किंवा पोरगं आळशी आहे, किंवा मुद्दाम करतं. आमच्याकडे त्या अकरा दिवसांत असंच झिरपायला लागलं तेव्हा मी जुलाब थांबवायचं औषध आणायला निघाले होते. वहिनीने दारात अडवलं म्हणून.

मुद्दाम! ज्याला झालेलं कळत नाही त्याने मुद्दाम काय करायचं, टीचर?

बरं, त्या टीचरकडे पंचवीस मुलं आणि हाताखाली एकच मदतनीस, हे मला माहीत आहे. रोज कोणाची चड्डी धुवायची म्हणजे सोपं नाही. मान्य. पण चार माणसांत बोलायला हात कमी पडत नव्हते ना?

आणि मुळात ही घाई कोणाची? ‘डायपर सुटलेला असेल तरच प्रवेश.’ आम्हीही त्याच पायी एप्रिलमध्ये त्याला जबरदस्तीने भांड्यावर बसवायला लागलो होतो. तो उठून पळायचा, आम्ही परत दाबून बसवायचो. शाळेची तारीख ठरलेली, म्हणून पोराचं आतडंही तयार व्हायला हवं! मुलाला स्वतःला कळायला लागलं, सांगता यायला लागलं, की ते शिकतंच. धरून ठेवणाऱ्या मुलाला तर डॉक्टरबाईंनी सरळ परत डायपर घालायला सांगितला. "आधी भीती जाऊ दे. भांडं कुठे पळून जात नाही."

घरात केवढा गहजब झाला होता त्या डायपरवरून. असो.

आता औषधाबद्दल, कारण मला इनबॉक्समध्ये हेच विचारणार आहात. आम्हाला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली होती. पाण्यात विरघळते, ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ राहते. अंगात फारशी शोषली जात नाही. काही मुलांना लॅक्ट्युलोजचं गोड सिरप देतात. आधी काही दिवस मोठा डोस, आत अडकलेलं सगळं बाहेर काढायला. त्या दिवसांत घरात नुसती धुणी होती. मग रोजचा लहान डोस. किती, ते मुलाच्या वजनावर ठरतं, तेव्हा माझ्याकडून ऐकून देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आणि इथेच सगळी माती होते. तिसऱ्या आठवड्यात शी छान व्हायला लागली आणि सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता. आतड्याला सवय लागेल." मलाही पटलं. बंद केलं. दहाव्या दिवशी पोरगं परत दाराआड, चवड्यांवर. सवय लागेल, सवय लागेल! अहो, त्याला सवय लागली होती ती धरून ठेवायची. ती मोडायला वेळ लागतो. ताणलेला गुदाशय मूळ पदावर यायला महिने जातात. निदान दोन महिने तरी औषध चालूच ठेवायचं, आणि सगळं सुरळीत होऊन महिना उलटल्यावर हळूहळू कमी करायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. आमचे आठ महिने गेले. आठ. दर महिन्याला कोणीतरी विचारायचं, "अजून औषधच चालू?" चष्मा लागलेल्या मुलाला कोणी विचारतं का, अजून चष्माच?

हां, काळ्या मनुका, पपई, पेरू यांना मी नावं ठेवत नाही. नुसता खडा होत असेल, भीती बसलेली नसेल, तर त्याने भागतं. नाचणीचं तिझान, म्हणजे नाचणीची खीर, आमच्याकडे आजही होतं. पण धरून ठेवणाऱ्या मुलाला नुसता कोंडा आणि भाज्या कोंबल्या तर गोळा आणखी मोठा होतो. हे माझं ज्ञान नाही, माझ्या पोराने सोसलेलं आहे.

दुधाबद्दलही माझं चुकलं होतं. जेवत नाही तर निदान दूध पिऊ दे, म्हणून दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध आणि बिस्किटं. पोट दुधाने भरलेलं, मग जेवणार कशाला? अर्ध्या लिटरवर आणलं, तर पंधरा दिवसांत उकड्या तांदळाची पेज मागून खायला लागला.

एक मात्र लक्षात ठेवा. बाळाची जन्मानंतरची पहिली काळी शी दोन दिवसांत झालीच नव्हती, पोट फुगून टणक होतंय, हिरवी उलटी होते, वजन वाढत नाही, पायांत जोर नाही, यातलं काहीही असेल तर घरगुती काही करत बसू नका. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जापेशीच नसतात, असाही एक आजार आहे, त्याला ऑपरेशन लागतं. क्वचित असतं, पण असतं. बाकी बहुतेक मुलांचं दुखणं आमच्यासारखंच, भीतीचं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या आईचा चेहरा आठवतोय. तिनेही धपाटा रागाने घातला नव्हता. चार माणसांत मान खाली गेली म्हणून घातला. चवथीला मी पाय का धरले होते? बावीस माणसं बघत होती म्हणूनच.

आमचं खरं वळण कुठे आलं सांगू? सासऱ्यांमुळे. ते या सगळ्यात एक शब्द बोलले नव्हते. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा पाच मिनिटं बसवा, पण पाय लोंबकळू देऊ नका, पायांना टेकण हवं, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. दुसऱ्या दिवशी सासरे डिचोलीहून कदंबाच्या बसने आले. पिशवीत फणसाच्या फळीचा एवढासा पाट. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर खडूने नातवाच्या पावलांचे ठसे आखलेले. पावलांचं माप त्यांनी कधी घेतलं होतं कोण जाणे. "हांगा पांय दवर रे पुता," इथे पाय ठेव रे बाळा, एवढंच म्हणाले आणि स्वतः संडासाच्या दाराशी खाली बसले. गोष्ट सांगत. रोज नाही येता यायचं त्यांना, पण आले की तिथेच बसायचे.

बसला की कालनिर्णयावर एक टिकली चिकटवायची. शी झाली तरी टिकली, नाही झाली तरी टिकली. माझं टिकल्यांचं पाकीट संपलं, सासूबाईंनी आपलं दिलं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो आपण होऊन गेला. दार अर्धवट उघडं. आतून ओरडला, "आई, दुखलं नाही!"

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं नारळाचं भगलं तसंच खाली ठेवलं आणि विळीसमोर बसून राहिले.

आता तो पहिलीत आहे. चवथीला डिचोलीच्या घरी गेलो की त्या खांबाला पाठ लावून सगळ्या भावंडांना राज्य देतो. त्याला काही आठवत नाही. मी मात्र त्या कोपऱ्यात रांगोळी घालताना नजर वर करत नाही.

आज त्या आईशी बोलायला हवं होतं. मुलाला कडेवर घेऊन ती भराभर रस्ता ओलांडून गेली आणि मी धाकटीचा डबा हातात घेऊन बघत राहिले. नाव माहीत नाही, नंबर नाही. उद्या पंधरा मिनिटं आधी जाऊन फाटकाशी उभी राहणार आहे. डॉक्टरबाईंचा पत्ता कागदावर लिहून ठेवलाय. आणि माळ्यावरून तो पाट खाली काढलाय, पुसून ठेवलाय. खडूचे ठसे पुसले गेलेत. ती पुन्हा आखून घेईल, तिच्या मुलाच्या मापाचे.