दहा-पंधरा सेकंदांचा आशीर्वाद

इंग्लंडातल्या स्विंडनला मी राहतो त्या घरात वरच्या खोलीत गोव्यातल्या सासष्टीचे दोघे कॅथलिक, खाली मी, फोंड्याकडच्या म्हार्दोळचा हिंदू. तिघेही पोर्तुगीज पासपोर्टवर आलेलो, तिघेही गोदामात रात्रपाळीला. वरचे दोघे सात वर्षं जोडप्यासारखे राहतात. गावी मात्र ते 'रूममेट'.

परवा फोंड्याहून काकांचा फोन आला. "तुमच्या इंग्लंडात चर्चमध्येच पुरुषा-पुरुषांची लग्नं लावतात म्हणे. मग आपले पाद्री का कुरकुरतात?" काकांना उत्तर नको होतं, शेजारच्या ख्रिस्ती वाड्याला टोमणा मारायचा होता. तरी सांगतो, काका, लावत नाहीत. इथे समलिंगी विवाह २०१४ पासून कायदेशीर आहे, पण चर्च ऑफ इंग्लंडला, म्हणजे पोपला न मानणाऱ्या इथल्या अधिकृत चर्चला, तो लावायची मनाई त्याच कायद्यात आहे. आणि आपल्या पाद्र्यांच्या रोमने, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चने, डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली, तेव्हा आफ्रिकेतले बिशप खवळले. मग जानेवारीत रोमने खुलासा केला की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा, लग्नासारखा दिसता कामा नये. आमच्याकडे क्रुसापुढचं लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थनासुद्धा याहून कितीतरी लांब चालतं!

गावच्या वादात गुन्हा, पाप आणि लग्न या तीन गोष्टींची एकच खिचडी होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ग्रेशस म्हणाले होते की चर्च या लोकांना गुन्हेगार मानत नाही, विवाहाला मात्र विरोध आहे. शिकवण अशी की ओढ असणं पाप नाही, संग पाप. माणसाला मात्र आदराने वागवावं. संग पाप का, तर शरीरसंबंध लग्नात हवा आणि मुलाला वाट मोकळी ठेवणारा हवा.

इथेच माझं घोडं अडतं. याच कारणावरून १९६८ साली पोप सहाव्या पॉलने गर्भनिरोधक साधनांनाही नकार दिला. आणि सासष्टीत ज्या घरांत आजीला नऊ मुलं होती, तिथे आज एक किंवा दोन. ही काही सगळी उपवासाची पुण्याई नव्हे. त्या नवरा-बायकोला फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, कुणी आडून विचारत नाही. नियम एकच, पण झळ एकालाच. हे मी पाद्रींपेक्षा गावाला म्हणतो, आणि त्या गावात माझं म्हार्दोळही आलं. आमच्याकडे असा मुलगा निघाला तर पोथीत पाप शोधायची गरजही भासत नाही. महिनाभरात मुलगी बघायला जातात.

मी हे एकदा वरच्या मोठ्याला सुनावलं. वाटलं, खूश होईल. तो भांडी विसळत म्हणाला, "तुका कळचें ना रे. माझ्यासाठी चर्चने नियम बदलावा, असं मी कधी म्हटलंय?"

रविवारी कधीतरी त्यांच्याबरोबर मीही मिसाला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, जातो, गाणी ऐकायला. कम्युनियनची रांग लागते. धाकटा उठतो, हात जोडून पुढे जातो, प्रसाद घेऊन येतो. मोठा जागेवरच गुडघे टेकून राहतो. धाकटा परतला की तो पाय बाजूला घेतो आणि त्याला आत सरकायला वाट देतो.