उपाशी पक्ष्याच्या रक्तात उतरणारे विष

पाणपक्ष्यांवरील रासायनिक प्रदूषणाची चर्चा बहुधा मेलेल्या पक्ष्यांच्या आकड्यापाशी येऊन थांबते. काठावर मृत बदके सापडली की बातमी होते, नाही सापडली की पाणी ठीक आहे असे धरून चालतात. वर्षानुवर्षे न विघटणाऱ्या औद्योगिक रसायनांबाबत हे गृहीतक मला सपशेल चुकीचे वाटते.

पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) ही अशीच क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायने १९२९ पासून व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली गेली, ती सहजी न जळणारी व टिकाऊ म्हणूनच. पाण्यात ती जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र सहज. त्यामुळे गाळातून शिंपल्यांत, माशांत आणि तिथून पक्ष्यांच्या शरीरात त्यांचे प्रमाण चढत जाते. अंगावर चरबी आहे तोवर पक्षी धडधाकट दिसतो. खरी परीक्षा उपासाच्या काळात होते. आयडर या उत्तरेकडील समुद्री बदकाची मादी अंडी उबवताना साडेतीन आठवड्यांच्या आसपास जवळजवळ काहीच खात नाही आणि तिचे सुमारे एक तृतीयांश वजन घटते. आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरच्या अशा माद्यांच्या रक्तात उबवणीच्या अखेरीस या प्रदूषकांचे प्रमाण सुरुवातीपेक्षा वाढलेले आढळले. म्हणजे घरटे सोडणे जेव्हा सर्वांत अवघड, नेमके तेव्हाच साठलेले विष रक्तात उतरते.

१९६९ च्या शरद ऋतूत ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आयरिश समुद्राच्या किनाऱ्यांवर दहा हजारांहून अधिक समुद्रपक्षी मरून पडले, त्यांत बहुतांश गिलेमॉट हे मासे खाणारे समुद्रपक्षी होते. पुष्कळांच्या अंगावर चरबी उरली नव्हती, आणि काहींच्या यकृतात पीसीबीचे प्रमाण बरेच होते. त्यांना वादळाने मारले, भुकेने की रसायनाने, यावर वाद झाला. मला ही विभागणीच पटत नाही. चरबी झडली की भूक आणि विष वेगळे काढता येत नाहीत.

उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स या महासरोवरांच्या परिसरात तर मृतदेह मोजून काही कळलेच नसते. तिथे पीसीबीसारख्या रसायनांनी दूषित भागांत पाणकाव्यांच्या काही पिल्लांच्या चोची कात्रीसारख्या तिरक्या वाढत होत्या, वरची एका बाजूला, खालची दुसऱ्या. आईबाप भरवतात तोवर असे पिल्लू जगते. स्वतः मासा धरायची वेळ आली की संपलेच.

सगळे पक्षी सारखे हळवे नसतात, हेही खरे. डायॉक्सिन हे अतिविषारी प्रदूषक आणि त्याच्यासारखी संयुगे (काही पीसीबीही त्यांतलीच) पेशीतील ज्या ग्राहक प्रथिनाला चिकटतात, त्याच्या रचनेतील किरकोळ फरकामुळे कोंबडीचा गर्भ अत्यल्प मात्रेने दगावतो आणि बदकाचा तग धरतो. पण तग धरणारे बदक ते विष घेऊन दूरवर उडते आणि त्याला खाणाऱ्याच्या पोटात घालते.

आता पीएफएएस या न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांची पाळी आहे. ती चरबीऐवजी प्रथिनांना धरतात. रक्त, यकृत आणि अंड्यांत ती सापडतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात काही पाणथळींवरची बदके खाऊ नयेत, असे शिकाऱ्यांना सांगावे लागले. टिकाऊ प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत याच कुळातले पीएफओएस २००९ मध्ये आले, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये. हजारो संयुगांचे कूळ असे एकेक करून निपटायचे म्हटले, तर कारखाने दरवेळी पुढच्या भावंडाकडे वळणारच. बंदी संपूर्ण कुळावर हवी, आणि जिथे ती लगेच शक्य नाही, तिथे सुरक्षित मर्यादा ठरवताना पिंजऱ्यात पोटभर खाणारे बदक नव्हे, तर उपाशीपोटी अंडी उबवणारी मादी प्रमाण धरावी.