खानदानी पिल्लू निवडण्याची रीत

मुलीसाठी स्थळ बघताना आपण गोत्र विचारतो, नाडी जुळते का पाहतो, मामाकडचं कूळ हळूच चाचपतो. सगोत्र निघालं तर चहा पिऊन उठतो. कुत्र्याचं खानदानी पिल्लू आणायला निघाल्यावर ही संकुचित वृत्ती कृपया चपलांबरोबर दाराबाहेर ठेवा. तिथे सगोत्र हाच दागिना असतो. ब्रीडर 'पेपर', म्हणजे पिल्लाच्या वंशावळीचा कागद, उघडून दाखवेल, त्यात आईच्या बाजूला आणि बापाच्या बाजूला एकाच चॅम्पियनचं नाव आलं असेल, तर भारावून जा. तेच नाव तिसऱ्यांदा आलं तर घासाघीस करू नका, ते शोभत नाही.

आपल्या लाडक्याचे आईबाप एकमेकांचे कोण लागतात, हे विचारणं असंस्कृतपणाचं आहे. तसंही विचारून फारसं काही हाती लागणार नाही. २०२१ साली २२७ जातींच्या कुत्र्यांचा जनुकीय हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात अंतःप्रजननाची, म्हणजे नात्यातल्या नात्यात झालेल्या पैदाशीची, सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास निघाली. सख्ख्या बहीणभावांना पिल्लं झाली तर हाच आकडा येतो. म्हणजे ब्रीडरनं अगदी दूरचं, परगावचं स्थळ शोधलं, तरी जात एकच असल्यानं पाहुणे बहुधा घरचेच निघतात. लंडनच्या केनेल क्लबनं १८७३ पासून वंशावळी जपल्या आणि बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंदणी थांबवली २००९ साली. एवढ्या मोठ्या निर्णयाला सव्वाशे-दीडशे वर्षं लागायचीच.

आता थोडं विज्ञान, म्हणजे सोसायटीच्या बागेत चारचौघांत बोलता येईल. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली असली तरी बऱ्याचदा दुसरी संसार ओढून नेते आणि कुत्रा दिसायला ठणठणीत राहतो. अशा ठणठणीत कुत्र्याला शोमध्ये पदक मिळालं की गावोगावच्या माद्या त्याच्याकडे आणल्या जातात. त्याच्या निम्म्या पिल्लांत ती बिघडलेली प्रत जाते. दोन पिढ्यांनी नातू आणि नात यांचं मेटिंग लावलं आणि दोघेही वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणारे, निघाले, की चारातल्या एका पिल्लाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याचा संभव. चारातलं एक म्हणजे काहीच नाही. ते एक तुमच्याच घरी येईल असं थोडंच आहे? कुणाच्या तरी घरी जाईल.

स्टड, म्हणजे पैदाशीचा नर, निवडताना तो तरुण असावा, हे विशेष सांगणं. जर्मन शेफर्ड, बॉक्सर, पेम्ब्रोक कॉर्गी या जातींत डीजनरेटिव्ह मायलोपथी नावाचा आजार आढळतो. आधी मागचे पाय लटपटतात, नखं फरशीवर घासली जातात, मग मागचं धड ओढत न्यावं लागतं. कारण एसओडी१ या जनुकातला बदल, तो २००९ साली सापडला. माणसांतल्या एएलएस या स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी करणाऱ्या आजाराच्या काही रुग्णांतही याच जनुकात बिघाड असतो. आजाराची मोठी सोय अशी की तो साधारण आठव्या वर्षानंतर डोकं वर काढतो. तोवर स्टडची सगळी लग्नं लागून गेलेली असतात, नातवंडांनाही पदकं मिळालेली असतात. निसर्गाची निवड वगैरे जे पुस्तकात असतं ते इथे उशिरा पोचतं, लग्नघरी जेवणावळ उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असूनही काही कुत्रे आजारी पडत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ब्रीडरशी बोलताना ते उपयोगी पडेल. त्याला, म्हणजे.

चाचणी? गालाच्या आतून एक स्वॅब फिरवायचा, लॅबला पाठवायचा, क्लिअर (दोन्ही प्रती धड), कॅरिअर (वाहक) की अफेक्टेड (दोन्ही बिघडलेल्या) असं उत्तर येतं. चार रुपयांचं काम नाही, पण पिल्लाच्या किमतीपुढे किरकोळच. म्हणूनच मागू नका, ब्रीडरच्या भावना दुखावतात. 'आमच्या लाईनमध्ये असलं काही नाही' हे वाक्य रिपोर्टपेक्षा केव्हाही भक्कम. वाहक कुत्रा क्लिअर जोडीदाराशीच जुळवला तर एकही पिल्लू आजारी पडत नाही आणि चांगला कुत्रा पैदाशीतून बादही करावा लागत नाही, ही क्षुल्लक माहिती सर्वांना कळली तर गूढ काय राहिलं? इंग्लंडातल्या राठ केसांच्या छोट्या डॅक्सहुंडवाल्यांनी हा आगाऊपणा केला. त्यांच्या कुत्र्यांत लाफोरा हा अपस्माराचा प्रकार होता. दिव्याची तिरीप आली, भांडं पडलं, कुणी अचानक हात हलवला, की झटका. २००५ मध्ये जनुक सापडलं, या जातीच्या क्लबानं चाचण्या लावल्या आणि धोक्याची पिल्लं कमी होत गेली. असल्या लोकांमुळे परंपरा बुडतात.

विज्ञानाच्या सेवेसाठी कुत्रा घ्यायचा असेल तर डॉबरमन बघा. स्टॅनफर्डमध्ये अशा डॉबरमनांचा आणि लॅब्रेडॉरांचा कळप वर्षानुवर्षं सांभाळला होता, जे आवडीचा खाऊ समोर आला की आनंदाच्या भरात पाय गळून जमिनीवर कोसळत. १९९९ साली कळलं की मेंदूतल्या हायपोक्रेटिन या रेणूचा संदेश घेणारा ग्राहकच त्यांच्यात नादुरुस्त आहे. त्यावरून माणसांतल्या नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप आणणाऱ्या आजाराचा, धागा लागला. एकाच घराण्यात तोच दोष पुन्हा पुन्हा उतरवून ठेवल्याशिवाय एवढं सोपं झालं असतं का? तेव्हा डॉबरमन जेवणाच्या ताटापाशी आडवा झाला तर हसू नका, उभे राहून मानवंदना द्या.

सौंदर्याचा अभ्यास मात्र कॅव्हलिअर किंग चार्ल्स स्पॅनिएलवरच करावा. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज नावाचे अमेरिकन गृहस्थ लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात आले. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातल्या चित्रांत दिसणारे स्पॅनिएल त्यांना हवे होते. तसे कुठे दिसेनात, म्हणून त्यांनी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. १९२८ मध्ये क्लब निघाला आणि 'ॲन्स सन' नावाच्या विजेत्या कुत्र्याला समोर ठेवून मानक, म्हणजे जातीचा कुत्रा कसा दिसावा याचा नियम, लिहिलं गेलं. आधी चित्र, मग बक्षीस, मग कुत्रा. या क्रमात मेंदूचा नंबर लागला नाही. पुढे या जातीत कवटीचा मागचा भाग मेंदूच्या मानानं तोकडा राहिला. जागा नसल्यानं लहान मेंदू कवटीच्या तळच्या भोकातून मानेकडे ढकलला जातो, मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूच्या आत पोकळ्या धरतात. याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. कुत्रा चालता चालता थांबतो आणि मागच्या पायानं मानेजवळची हवा खाजवत सुटतो, अंगाला स्पर्शही न करता. पट्टा बांधला की किंचाळतो. तुम्ही रील काढा, मागे ढोलकी लावा, लाईक भरपूर मिळतील.

यात एका जनुकाला पकडून फटकावता येत नाही, अनेक जनुकं मिळून ही कवटी घडवतात. त्यामुळे स्वॅबनं काम भागत नाही, एमआरआय लागतो. मालकांना काहीच वावगं दिसलं नव्हतं अशा ५५५ कॅव्हलिअरांचे एमआरआय अभ्यासले, तेव्हा वर्षभराच्या कुत्र्यांत २५ टक्के आणि सहा वर्षांपुढच्यांत ७० टक्क्यांमध्ये या पोकळ्या होत्या. २००८ मध्ये बीबीसीनं माहितीपट काढला, त्यात हा आजार असलेला एक विजेता कॅव्हलिअर बापही होत होता, असं दिसलं. पुढच्या वर्षी बीबीसीनं क्रफ्ट्सचं प्रक्षेपण बंद केलं. नॉर्वेत तर प्राण्यांच्या संघटनेनं थेट कोर्ट गाठलं. २०२२ मध्ये ओस्लोच्या कोर्टानं आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅव्हलिअरची अशी पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. दुसऱ्या जातीशी संकर करून सुधारायचं तर करा, म्हणाले. संकर! कागद काय फाडून टाकायचा?

आपल्याकडे हा त्रास नाही. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, पण नंबर कुठला असं विचारणारा गिऱ्हाईक म्हणजे फुकट वेळ खाणारा. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग पळाला आणि गल्लोगल्ली पग झाले, तेव्हा त्याच्या मणक्यांबद्दल कुणी विचारलं होतं का? वळलेल्या शेपटीच्या काही जातींत मणकेही वाकडे घडतात, मज्जारज्जू दाबला जातो, पण शेपटी गोड दिसते ना.

आठ-नऊ वर्षांनी कधी तुमच्या राजाचे मागचे पाय घसरले, तर घाबरू नका. आधी टाइल्सना दोष द्या. मग कॅल्शियम सुरू करा. शेजारचे काका चुनखडीचं पाणी सुचवतील, तेही द्या. मग व्हेट बदला. त्यानं डीएनएचा विषय काढलाच तर तो पैसे काढतोय हे ओळखा. आणि राजा गेल्यावर घर फार सुनं वाटलं, तर पुन्हा त्याच ब्रीडरला फोन लावा. त्याच लाईनचं पिल्लू मिळेल, डिट्टो तसंच, आणि जुन्या गिऱ्हाइकाला दोन हजारांची सूट.