मॉडेल हिरवं झालं, पण पंप तपासला का?

कोकणातल्या इंजिनिअर पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'सिम्युलिंकमध्ये कव्हरेज लावा. मॉडेल पूर्ण हिरवं झालं की टेस्टिंग संपलं. लाल दिसेल तिथे बग. रिपोर्ट वाचत बसू नका, रंग पुरे.' सिम्युलिंक म्हणजे यंत्राचं वागणं ब्लॉक जोडून संगणकावर मांडायचं सॉफ्टवेअर. कव्हरेज म्हणजे टेस्टमध्ये मॉडेलचा किती भाग खरंच चालला त्याचं माप: पूर्ण चालला तो हिरवा, नाही तो लाल. मेसेजमधल्या तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी 'हिरवं झालं की संपलं'. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या ट्रॉलरचा बिल्ज पंप घ्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा. स्टेटफ्लोमध्ये, म्हणजे सिम्युलिंकच्या स्थिती-आकृत्यांच्या भागात, पंप 'बंद'वरून 'सुरू'वर नेणाऱ्या ट्रान्झिशनवर (बाणावर) अट अशी: फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) वर आलाय आणि बॅटरीत दम आहे, किंवा तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) हाताने स्विच दाबलाय. आता दोनच टेस्ट चालवा. एकीत तिन्ही गोष्टी 'नाही', दुसरीत फक्त हातचा स्विच चालू. अट एकदा खोटी ठरली, एकदा खरी. सेटिंग नुसत्या डिसिजन कव्हरेजचं (अख्खी अट एकदा खरी, एकदा खोटी झाली का, एवढंच बघणारं) असेल, तर ट्रान्झिशन हिरवंगार. फ्लोट मात्र दोन्ही वेळा खालीच! पंप ज्यासाठी बसवला तेच तपासलेलं नाही. एमसीडीसी हे जास्त कडक कव्हरेज लावलं की हे उघडं पडतं. तिथे प्रत्येक अटीने एकटीच्या जोरावर निकाल फिरवून दाखवावा लागतो. तीन अटींना ८ जुळण्या होतात, पण नेमक्या निवडल्या तर ४ टेस्टमध्ये काम होतं. विमानांच्या सॉफ्टवेअरच्या डीओ-१७८सी मानकात सगळ्यात कडक 'ए' पातळीला हेच मागतात.

आणि एमसीडीसी हिरवं आलं तरी उत्तर बरोबर आलं का, हे कव्हरेज बघतच नाही. बॅटरीच्या अटीत 'पेक्षा जास्त'च्या जागी 'पेक्षा कमी' पडलं असेल, तरी रंग तोच. अपेक्षित उत्तर कुणीतरी माणसानेच लिहायला हवं. डिझाइन व्हेरिफायर या सिम्युलिंकच्या जोड-साधनाकडून टेस्ट आपोआप काढून घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं: त्या टेस्ट मॉडेलवरूनच निघतात, चुकीच्या मॉडेलवरूनसुद्धा.

'लाल म्हणजे बग' हे तर साफ खोटं. तो भाग पुरता चालला नाही, एवढंच लाल सांगतं. टेस्ट राहिली असेल, तिथे पोहोचणंच अशक्य असेल, किंवा ते मुद्दाम ठेवलेलं संरक्षण असेल. शेवटचं असेल तर कारण लिहून जस्टिफाय करा, म्हणजे त्या भागाला सूट नोंदवा. हिरव्यासाठी ब्लॉक उडवू नका.

राहिला रिपोर्ट. प्रत्येक सिग्नल किती खाली-वर गेला, ते आकडे तिथेच मिळतात. लुकअप टेबलचा (आकड्यांच्या तयार कोष्टकाचा) कुठला कोपरा पांढराच, म्हणजे न वापरलेला राहिला, तेही तिथेच दिसतं, अर्थात ते कव्हरेज निवडलं असेल तर. हे आकडे का बघायचे? ४ जून १९९६ला युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर लगेच फुटलं ते ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत न मावल्यामुळे. ते सॉफ्टवेअर जुन्या एरियान ४चं, आणि नव्या रॉकेटचा उड्डाणमार्ग त्यावर चालवून पाहिलेलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र रिपोर्टमध्येही सापडणार नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारून ठेवलेल्या. एवढ्या दिवसांत फ्लोट गाळात चिकटला तर काय करायचं, हे मॉडेलमध्ये मांडलेलंच नसेल, तर रंगवायला तिथे ब्लॉकच नाही. ते तांडेलालाच विचारावं लागेल.