कळसूबाई चढलात म्हणून बेन नेव्हिस किरकोळ होत नाही

‘सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना स्कॉटलंडचे डोंगर म्हणजे पोरखेळ’ असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या इकडच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्षच करणार होते. पण ग्लासगोत शिकणाऱ्या भाच्याने तोच मला पाठवून विचारलं, ‘मावशी, शनिवारी आम्ही चौघं जातोय, स्पोर्ट्स शूज चालतील ना?’ मग मात्र राहवेना.

म्हणे स्कॉटलंडचं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस 1345 मीटर, कळसूबाई 1646, म्हणजे आपलंच शिखर उंच. आकडे बरोबर आहेत. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर, तिथवरची चढण गाडीच करून देते. बेन नेव्हिसची वाट जवळपास समुद्रसपाटीला सुरू होते. जवळजवळ सगळी उंची स्वतःच्या पायांनी चढायची. माथ्यावर 1883 ते 1904 वेधशाळा होती. तिच्या नोंदींत वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्याही किंचित खाली आहे. वर्षभराचं, नुसतं हिवाळ्याचं नव्हे! शिवाय डिसेंबरात इथे धड सात तासही उजेड नसतो.

डोकं फिरलं ते पुढच्या वाक्याने: ‘वाट शोधायची गरजच नाही, गुगल मॅप लावा.’ अरे बाबांनो, जुलै 2021 मध्ये जॉन म्यूर ट्रस्ट आणि माउंटनिअरिंग स्कॉटलंड या संस्थांनी नेमका याच गोष्टीवर जाहीर इशारा दिला होता. गुगल लोकांना पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस दरीच्या अगदी टोकाच्या कार पार्कला नेत होतं, कारण सरळ रेषेत शिखराला तेच जवळ. तिथून वर नुसती ठिपक्यांची रेघ. त्या रेघेखाली वाट नाहीच, आहे तो उभा खडकाळ उतार. ‘अन चॅलख’ (An Teallach) नावाच्या दुसऱ्या डोंगरावर दाखवलेली रेघ तर कड्यावरून जात होती. बोभाटा झाल्यावर गुगलने बेन नेव्हिसची दिशा सुधारली, पण अशा रेघेवर जीव टांगायचा का?

आणि खरी गोम उतरताना आहे. माथा सपाट, धुकं दाट, उत्तरेला कडे, दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर गली नावाची खोल घळ. त्या धुक्यात माथ्यावरच्या खांबापासून 231 अंशांवर 150 मीटर मोजून चालायचं, मग 282 अंशांवर वळायचं. हे कागदी नकाशा आणि होकायंत्रावर जमायला हवं. थंडीत फोनची बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

फॉरवर्डात पुढे फिशरफील्ड या दुर्गम डोंगराळ भागाबद्दल: ‘गर्दी नको तर फिशरफील्ड करा, एका दिवसात होतं.’ कोणाचं होतं? तिथल्या शेनव्हालच्या बॉथीपर्यंतच (बॉथी म्हणजे डोंगरातली साधी निवारा-झोपडी) गाडीरस्त्यापासून काही तासांची चाल आहे. पुढे नद्या, त्यांवर पूल नाही. जोराचा पाऊस झाला की आपल्याकडच्या ओढ्यांसारख्याच फुगतात, आणि तुम्ही पलीकडे अडकता. बॉथी म्हणजे फुकटचं हॉटेल, हेही खोटं. भिंती आणि छप्पर, बस्स. वीज नाही, नळ नाही.

तंबू कुठेही ठोकता येतो, हे मात्र बऱ्याच अंशी खरं, मान्य. 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला तो हक्क दिलाय. पण लॉक लोमंड या तळ्याच्या काठावर बऱ्याच ठिकाणी मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, ते सोयीस्कर गाळलंय.

रेस्क्यू मोफत, हेही खरं. पण येणारे स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून येतात, आणि धुक्यात हेलिकॉप्टर पोचलं नाही की पायीच वर चढतात. वेळ आलीच तर 999 लावायचा, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू.