फजितीचं चिंतन, शब्दमर्यादा 300

आमच्या टीचर ट्रेनिंगमध्ये नवीन टूम निघाली, पाठ टाचण वहीत काढा पण सराव पाठ झाला की त्याचं चिंतन ब्लॉगवर टाका. आता मला सांगा, वर्गात झालेली फजिती चार लोकांना दिसेल अशी कोण लिहून ठेवतं? काम करताना आणि काम झाल्यावर, दोन्ही वेळा विचार करा असं डोनाल्ड शॉन नावाचे अमेरिकन विचारवंत 1983 मध्ये सांगून गेले, पण त्याला दहा मार्क ठेवा असं काही ते बोलले नव्हते, ती भर आमच्या कोर्सवाल्यांची.

वर गिब्ज साहेबांचं 1988 चं चक्र, म्हणजे चिंतन लिहायच्या सहा पायऱ्या. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. माझी गाडी दर वेळी भावनेवरच बंद पडते. 'घाम फुटला' लिहिलं, खोडलं, 'आत्मविश्वास वाढला' लिहिलं.

शिवाय दोन सहाध्यायींच्या पोस्टवर कमेंट कंपल्सरी. एकदा चुकून नुसतं शीर्षक पब्लिश झालं, खाली एक अक्षर नाही, तरी सात जणांनी 'खूप छान मांडणी मॅडम' लिहिलं. (आठवी कमेंट 'सहमत'.)

तर परवाचा पाठ अपूर्णांकांचा. 1/2 अधिक 1/3 किती विचारलं तर अख्खा वर्ग एका सुरात 2/5. अंशात अंश, छेदात छेद, काम तमाम. मग मी फळ्यावर दोन गोल काढले, एकात अर्धा भाग रंगवला, दुसऱ्यात तिसरा हिस्सा, घसा बसेपर्यंत समजावलं आणि रात्री ब्लॉगवर ठोकून दिलं की पाठ उत्तम झाला, फक्त खिडकीजवळच्या एका विद्यार्थ्याचं लक्ष नव्हतं, वर्गनियंत्रणावर काम करेन.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीवाला मधल्या सुट्टीत समोर हजर. "मॅडम, तो मीच ना?"

मेले! माझं नाव सर्च करून पोरानं सगळं वाचलं होतं.

"अरे, तू बाहेर बघत होतास म्हणून..."

"हो, पण तुमचे गोल सारखे नव्हते. तिसऱ्या हिश्शाचा गोल एवढा मोठा की तो हिस्साच अर्ध्यापेक्षा जास्त दिसत होता. मी म्हटलं आपल्यालाच कळत नाहीये, म्हणून बाहेर बघितलं."

फळ्याचा फोटो मीच पोस्टमध्ये लावला होता. उघडून बघितला. एक गोल बांगडीएवढा, दुसरा परातीएवढा. खाली नऊ कमेंट, नऊही 'फलक लेखन सुंदर'.

रात्री बसून सगळं खरं लिहिलं, गोलांसकट. सरांचा शेरा आला: 'शब्दसंख्या 312. मर्यादा पाळा.'