ॲशची झाडं गेली, आता त्या जागी नुसते मेपल नकोत

मिशिगनमधल्या मंडळींनो, पोस्ट मोठी झालीय पण प्लीज पूर्ण वाचा. आमच्या सबडिव्हिजनच्या मागे जे सामायिक जंगल आहे तिथे या फॉलमध्ये झाडं लावायचं ठरलंय, वर्गणीही जमलीय, आणि परवाच्या मीटिंगमध्ये बहुतेकांचं म्हणणं पडलं की सगळे मेपलच लावू, भराभर वाढतात, फॉलमध्ये लालभडक दिसतात. मला हे अजिबात पटलेलं नाही.

2005 ला आम्ही इथे आलो तेव्हा या जंगलात निम्म्याहून जास्त ॲश होते आणि त्यांचे शेंडे वाळायला लागले होते. मग बुंध्यातूनच फुटवे यायला लागले, सुतारपक्षी साल सोलायला लागले आणि चारेक वर्षांत उभी झाडं वाळून गेली. पडलेल्या एका झाडाची साल मी हाताने ओढून काढली होती, तर आत लाकडावर अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटाच वाटा, बोट ठेवायला जागा नाही. बाहेरून काय दिसत होतं, तर इंग्रजी डी अक्षरासारखी तीन-चार मिलिमीटरची भोकं, बस. पानांनी बनवलेलं अन्न सालीच्या ज्या आतल्या थरातून खाली जातं तोच थर अळी खाते, झाड अक्षरशः उपाशी मरतं. ही अळी एमराल्ड ॲश बोररची, जेमतेम सेंटिमीटरभर हिरवा चमकदार किडा, बहुतेक पॅकिंगच्या लाकडातून आशियातून आला. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला तोवर त्याने इथे कित्येक वर्षं मुक्काम ठोकलेला होता.

आणि इथल्या रस्त्यांवर एवढे ॲश का होते? डच एल्म नावाच्या बुरशीच्या रोगाने एल्मची झाडं गेली, म्हणून त्यांच्या जागी रांगेने ॲश लावले! पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतो आपण, इथे ज्याला ठेच लागली तोच परत त्या दगडाकडे चाललाय. कारण मेपलवर टपलेला किडा पण अमेरिकेत आलेलाच आहे, एशियन लाँगहॉर्न्ड बीटल, मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरला 2008 मध्ये सापडला आणि तिथे 30 हजारांच्या वर झाडं तोडावी लागली. शेजारच्या ओहायोतही 2011 मध्ये सापडलाय.

शहरातल्या झाडांसाठी एक साधा नियम सांगतात, एका जातीची 10 टक्क्यांच्या वर नकोत, एका कुळातली फार तर 30. आपण पण तेच करू ना. ओलीच्या खोलगट भागात स्वॅम्प व्हाइट ओक, उंचवट्यावर बर ओक आणि हिकरी, मध्ये हॅकबेरी, बासवुड, थोडे मेपल पण चालतील की. ओक हळू वाढतो हे मान्य, पण घाई कशाला? पुण्याच्या टेकड्यांवर लवकर हिरवं दिसावं म्हणून लावलेली ग्लिरिसिडिया बघत मी मोठी झालेय, मैलभर चाला, तेच झाड.

आणि आधी बकथॉर्न, म्हणजे जंगलात माजलेलं ते काटेरी झुडूप, काढायला हवं. ॲश पडले, ऊन खाली आलं आणि ते इतकं माजलं की ओकच्या रोपाला उजेडच मिळणार नाही. नुसतं कापलं तर दुप्पट फुटतं, कापल्या कापल्या बुंध्याला तणनाशक लावावंच लागतं. रोपांना तारेची जाळी पण हवी, नाहीतर हरणं एका हिवाळ्यात फडशा पाडतील.

एक विनंती, ओढ्याकडेचा तो एक जिवंत मोठा ॲश कुणीही तोडू नका. असे वाचलेले ॲश शोधून संशोधक त्यांच्यापासून या किड्यापुढे टिकणारी रोपं तयार करायचा प्रयत्न करतायत, मी त्याचे फोटो आणि जागा कळवणार आहे.

शनिवारी सकाळी नऊला मागच्या गेटपाशी भेटू. माझ्याकडे दोन लॉपर (फांद्या कापायच्या लांब दांड्याच्या कात्र्या) आहेत, कुणाकडे करवत असेल तर आणा, आणि जाड ग्लव्हज घालून या, बकथॉर्नला काटे असतात.